लेकरांची बाळबांधणी
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या अंकात आमच्याकडून खोडव्याच्या निगेवर लेख यायचा होता. तो पुढच्या अंकी नक्की देऊ. या वेळी पिकाबद्दल न लिहिता घरातल्या लहान लेकरांबद्दल लिहावे असे ठरवले. ऊस विकास अधिकाऱ्याला यातले काय कळते, असे कुणी विचारील. रास्त आहे. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे, डॉक्टरकीचे नव्हे. पण आमच्या हातून आमच्याच घरात एक चूक झाली, आणि तीच चूक आपल्या गटागटांत होताना आम्हाला दिसते. म्हणून हा लेखप्रपंच.

आमची चूक

आमची धाकटी बहीण बोईसरला असते. मेहुणे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात. आपल्याकडची पुष्कळ पोरे पोटापाण्यासाठी तिकडे गेलेली आहेत, तेव्हा बोईसर हे नाव सभासदांना नवे नाही. पश्चिम रेल्वेने डहाणूकडे निघाले की पालघर, मग उमरोळी, मग बोईसर. स्टेशनाबाहेर पडले की कारखान्यांची वर्दळ. समुद्राच्या बाजूला १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र. उलट अंगाला, डोंगराकडे, आदिवासी पाडे. ऊस तिकडे नाही. भात आणि मासळीचा तो मुलूख.

बहिणीचा मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा ती दिवाळीला घरी आली. पोर देखणे, अंगाने भरलेले. चालायला वेळेवर लागलेले. पण तोंडातून शब्द नाही. डब्याचे झाकण जमिनीवर गरगर फिरवायचे आणि त्याकडे बघत बसायचे, असा त्याचा एकच खेळ. बहीण म्हणाली, "दादा, हा हाक मारली तरी बघत नाही रे. मला काहीतरी वेगळं वाटतंय."

आम्ही हसून सांगितले, "अगं, आपल्या घरात सगळेच उशिरा बोललेत. तुझा हा दादासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत मुकाच होता, आई सांगायची. बोलेल. उगीच काळजी करत बसू नको."

थोरल्या भावाचा शब्द. बहिणीने मानला. वेखंड उगाळून चाटवून झाले, देवाला नारळ झाला, आणि वर्ष निघून गेले. पुढच्या दिवाळीला पोर अडीच वर्षांचे झाले तरी तसेच. झाकण तेवढे मोठे झाले होते.

आता गंमत पाहा. हेच आम्ही लागण होऊन तीन आठवडे झाले आणि सरीत हातभर मोकळी जागा दिसली की बांधावरूनच ओरडतो, "अहो पाटील, नांग्या कधी भरणार? महिन्याच्या आत भरा, मागाहून भरलेलं रोप शेजारच्या सावलीत दबून राहतं!" पिकातले हे ज्ञान आम्ही वीस वर्षे सांगत आलो. घरच्या पोराच्या बाबतीत मात्र 'येईल हळूहळू' म्हणून मोकळे झालो. त्या एका वर्षाची भरपाई आम्हाला करता येत नाही.

पालघरला सुरू झालेली योजना

शेवटी लक्षात आणून दिले ते अंगणवाडीच्या सेविकाबाईंनी. त्यांनी पोराच्या मागे उभे राहून टाळी वाजवली, नावाने हाक मारली, चेंडू पुढे सरकवून पाहिला, आणि बहिणीला म्हणाल्या, "ताई, वाट बघू नका. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची गाडी येते, तेव्हा याला घेऊन या."

ही गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक. या देशव्यापी कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथेच झाला. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून चार गोष्टी वेळेत हुडकायच्या, असा हा कार्यक्रम आहे : जन्मतः असलेले व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीत पडलेले मागेपण. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावा, आणि पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. दोष सापडला तर पुढची तपासणी, उपचार आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियाही मोफत.

आपल्या गावातही अशी गाडी येते. ती आली त्या दिवशी आपण लेकराला अंगणवाडीत पाठवले होते का, हे प्रत्येकाने घरी विचारून पाहावे.

पोराचे कान आधी तपासले. न बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासायचे, हा नियमच आहे. ज्याला ऐकू येत नाही तो बोलणार कसा? या कामासाठी मुंबईत वांद्र्याला १९८३ सालापासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तान्ह्या बाळाचेही कान यंत्राने तपासता येतात. बाळाने सांगावे लागत नाही. आमच्या भाच्याचे कान ठीक निघाले. मग पुढच्या तपासण्या झाल्या, आणि स्वमग्नतेची लक्षणे आहेत, बोलणे व लोकांत मिसळणे मागे पडले आहे, असे निदान झाले. डॉक्टरांनी बहिणीला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, हे आईच्या दुर्लक्षाने झालेले नाही. दुसरी, यावर बाटलीतले औषध नाही, थेरपी आहे, आणि ती आजपासून सुरू करायची.

थेरपी म्हणजे काय?

हा शब्द आता खेड्यांतही येऊन पोचला आहे, पण अर्थ पुष्कळांना ठाऊक नाही. कुणाला वाटते विजेचे शॉक, कुणाला वाटते नुसती मालिश. थेरपी म्हणजे लेकराला जे आपोआप आले नाही, ते लहान लहान पायऱ्या करून, खेळातून, रोज थोडे थोडे शिकवणे. मान, कंबर, हातपाय यांची हालचाल शिकवतो तो फिजिओथेरपिस्ट. ऐकणे, समजणे, बोलणे आणि गिळणेसुद्धा शिकवतो तो वाचा उपचारतज्ज्ञ. घास उचलणे, गुंडी लावणे, बुट्टीत खडे टाकणे अशी हाताची कामे शिकवतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट. लहान मुलाचे काम म्हणजे खेळणेच, तेव्हा हे सगळे खेळातच चालते.

मग लहानपणीच का? कारण मेंदूची वाढ तेव्हा होते. तीन वर्षांच्या पोराचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्के आकाराचा झालेला असतो. त्या काळात मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी धागे जुळत असतात. जे वापरात येतात ते घट्ट होतात, जे पडून राहतात ते गळतात. मेंदूच्या एका भागाला इजा झाली असेल तर दुसरा भाग थोडेफार काम अंगावर घ्यायला शिकतो, आणि ही लवचीकता लहानपणी सर्वांत जास्त असते. सभासदांना हे वेगळे समजवायला नको. फुटवे फुटायच्या वेळी बुडाला माती लावली, तर ती बाळबांधणी. ऊस कांड्यावर आल्यावर ट्रॉलीभर माती आणून ओतली तरी तिला बाळबांधणी म्हणत नाहीत.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. पिकात वेळ गेली की गेली. लेकराच्या बाबतीत वेळ उलटली तरी दार पुरते बंद होत नाही. चौथ्या, सहाव्या वर्षी सुरू केले तरी फायदा होतोच, पण कष्ट जास्त लागतात. तेव्हा 'आता काय उपयोग' असे म्हणून कुणी घरी बसू नये.

बाकावर बसून पाहिलेले

गेल्या वर्षी मे महिन्यात, गळीत हंगाम आटोपल्यावर, आम्ही बोईसरला गेलो. बहिणीची थेरपी सुरू होऊन पाच महिने झाले होते. महिन्यातून दोनदा ती पोराला घेऊन गाडीने पालघरला जायची. आम्हीही बरोबर गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो.

शेजारी विक्रमगडकडून एस.टी.ने आलेली एक बाई होती. मांडीवर दोन वर्षांची मुलगी. बाळंतपणात मूल उशिरा रडले होते, आणि आता तिचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर आवळून ताठ व्हायचे. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. आतल्या ताईंनी दार उघडे ठेवले होते, म्हणून आम्हाला दिसले. त्यांनी त्या बाईला आधी मुलगी कडेवर घ्यायला शिकवले. एवढेच! पाय जुळवून, काठी धरल्यासारखे उचलायचे नाही. तिचे पाय फाकवून आपल्या कमरेच्या दोन्ही अंगांना येतील असे घ्यायचे. म्हणजे दिवसातून जितक्या वेळा आई कडेवर घेईल तितक्या वेळा व्यायाम आपोआप झाला. मग बसवायचे कसे ते दाखवले. दोन फळ्या काटकोनात जोडून पाठीला कोपरा केला, पुढे छोटी पाटी ठेवली. मुलगी त्यात बसली, हात मोकळे झाले, आणि तिने पाटीवरचा चमचा धरला. ती बाई म्हणाली, "आमचा सुतार हे एका दिवसात करून देईल."

ही मुलगी उद्या धावत सुटेल, असे त्या ताईंनी सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "ही आपल्या हातानं जेवायला शिकली तर तुमचं आणि तिचं निम्मं आयुष्य सोपं होईल. आपण त्यासाठी झटायचं." थेरपी चमत्कार करीत नाही. जो चमत्काराची हमी देईल, महिनाभरात पोर बोलते करतो म्हणेल, त्याच्यापासून चार हात दूर राहावे. बहिणीचेही अशा एका ठिकाणी बरेच पैसे गेले.

आमच्या भाच्याची पाळी आली. त्याच्या वाचा उपचाराच्या ताई जमिनीवर बसल्या, त्याच्या डोळ्याला डोळा येईल इतक्या खाली. त्यांनी बोलायला लावलेच नाही. त्याचे लाडके झाकण हातात घेतले, एकदा फिरवले आणि थांबल्या. पोर झाकणाकडे बघत राहिले. ताई गप्पच. आम्हाला राहवेना, वाटले देऊन टाकावे. दहा आकडे मोजण्याइतका वेळ गेला असेल. मग पोराने मान वर केली, ताईंच्या तोंडाकडे पाहिले. लगेच ताई म्हणाल्या, "दे!" आणि झाकण फिरले. पुन्हा थांबणे, पुन्हा बघणे, पुन्हा "दे!"

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, आधी मी त्याला मागायच्या आतच सगळं द्यायचे. रडायला नको म्हणून मोबाईल हातात द्यायचे. आता रोज जेवताना, अंघोळीला, कपडे घालताना हेच करते. द्यायच्या आधी थांबते." थेरपिस्टकडचा वेळ महिन्यातून दोन तास. बाकीचे सगळे तास आईचे, आजीचे, बापाचे. आम्ही गटात पीक पाहायला महिन्यातून एकदा येतो, पण पाणी रोज शेतकरीच देतो, तसेच हे.

मोबाईलचे निघालेच आहे तर सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलापुढे पडदा नकोच, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको. मोबाईलमुळे स्वमग्नता होते असा याचा अर्थ नाही. पण मोबाईल काही पोराच्या हाकेला ओ देत नाही, आणि बोलणे शिकायला ओ देणारे माणूसच लागते.

महागडी खेळणी नकोत

हे सगळे पैसेवाल्यांचे काम, असे कुणाला वाटेल. तसे नाही, आणि याचा पुरावा त्याच पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. विलायती शिक्षणसाधने परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पाने, शिंपले, खडे यांचीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. त्यांचे काम शिक्षणाचे होते, थेरपीचे नव्हे. पण लहान मूल खेळातून शिकते आणि खेळाला अंगणातली वस्तू पुरते, हे त्यांनी करून दाखवले. आजचे थेरपिस्टही झाकण, वाटी, चिंचोके, खडे हेच मागतात.

दुसरा दाखला दूरचा आहे, पण आपल्यासारख्याच ऊस पिकवणाऱ्या देशातला. जमैका बेटावर किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टरीणबाईंनी कुपोषणाने खुरटलेली १२९ मुले निवडली. वय नऊ ते चोवीस महिने. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जायची आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवायची. दोन वर्षे हे चालले. ही मुले बावीस वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी केली, तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी असा खेळ झाला होता त्यांची कमाई, ज्यांच्या घरी तो झाला नव्हता अशा खुरटलेल्या मुलांपेक्षा पंचवीस टक्क्यांनी जास्त होती. नुसता पूरक आहार दिला त्यांच्यात हा फरक दिसला नाही. आहार लागतोच, त्याशिवाय गाडी चालत नाही. पण खताबरोबर मशागतही लागते, हे आम्ही तुम्हाला काय सांगावे!

केव्हा जागे व्हावे?

पुढील गोष्टी कापून भिंतीला लावून ठेवाव्यात.

१) बाळ चार महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही.
२) मोठ्या आवाजाने दचकत नाही, आवाजाकडे वळत नाही.
३) नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
४) वर्षाचे झाले तरी हाकेला बघत नाही, डोळ्याला डोळा देत नाही.
५) दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, किंवा एकही शब्द बोलत नाही.
६) दोन वर्षांचे झाले तरी 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही.
७) येत असलेले बोलणे किंवा खेळणे, कोणत्याही वयात, बंद पडते.
८) अंग फार ताठ किंवा फार ढिले लागते, किंवा एकच हात वापरते.

जन्मतः उशिरा रडलेले, दिवस भरण्याआधी जन्मलेले, फार कमी वजनाचे, जोराची कावीळ किंवा झटके येऊन गेलेले बाळ असेल तर जास्तच लक्ष ठेवावे. यांतले एखादे लक्षण दिसले म्हणजे दोष आहेच असे नाही. पण तपासून घ्यावे. तपासून काही निघाले नाही तर एक दिवसाची मजुरी बुडेल. न तपासता निघाले तर काय बुडते, ते आम्ही वर लिहिले आहे.

जायचे कुठे? आधी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगावे. त्या बाल स्वास्थ्य पथकाकडे किंवा ग्रामीण रुग्णालयाकडे पाठवतील. तिथून गरजेप्रमाणे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. एकाच छपराखाली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ असावेत, अशी या केंद्रांची कल्पना आहे. कायमचे व्यंग असेल तर दिव्यांगत्वाचा दाखला काढावा, त्यात कमीपणा मानू नये. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे, त्यात स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी दोन्ही आहेत.

एक विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना. सून काही सांगू लागली तर 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' म्हणून तिला गप्प करू नका. पोराजवळ दिवसभर तीच असते. तिला आधी कळते.

टोळीची लेकरे

शेवटी आपल्या सर्वांच्या जबाबदारीची एक गोष्ट. आपला ऊस तोडायला येणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्या गावात पथक येते तेव्हा लेकरू आपल्या फडात असते. आपल्या गावात पथक येते तेव्हा त्याचे नाव पटावर नसते. दोन्हीकडून ते सुटते. आम्ही फडात जातो तेव्हा उसाच्या पाचटावर, झोळीत, बैलगाडीच्या सावलीत ही पोरे दिसतात. त्यांतले एखादे अडीच वर्षांचे पोर हाकेला बघत नसेल, तर ते ओळखणार कोण?

आमची सूचना अशी आहे. हंगाम सुरू झाला की प्रत्येक गट कार्यालयाने आपल्या हद्दीतल्या कोप्यांवर सहा वर्षांच्या आतली मुले किती, याची यादी करून जवळच्या अंगणवाडीला द्यावी आणि पथकाची एक फेरी अड्ड्यावर मागून घ्यावी. पथक येईल त्या दिवशी संबंधित सभासदाने टोळीला दोन तासांची सवड द्यावी. यादी करायचे काम आमच्या खात्याची मंडळी करतील, तेवढा शब्द आम्ही देतो.

भाच्याचे विचाराल तर तो आता चौथ्या वर्षात आहे. अजून वाक्य बोलत नाही. गर्दीत कानावर हात ठेवतो. पण अंगणवाडीत बसतो, आपल्या हाताने जेवतो, आणि वीसेक शब्द त्याच्याजवळ आहेत. परवा बहिणीने फोन लावून त्याच्या कानाला दिला. आम्ही हाक मारली आणि काही न बोलता थांबलो. दहा आकडे मोजले. मग पलीकडून आवाज आला, "मामा. दे."

काय दे, ते कळले नाही. पण पुढच्या खेपेला ऊस घेऊन जाणार आहोत.